ओझे आणि परिष्कार : घर बदलण्याच्या निमित्ताने एक धम्मपाठ

आपल्याजवळ नेमके किती आहे, हे माणसाला एरवी कळत नाही. घर बदलण्याची वेळ आली म्हणजे मात्र ते कळल्यावाचून राहत नाही. कपाटात ठेवलेली वस्तू कपाटाची होऊन राहते, माळ्यावर टाकलेली माळ्याची होऊन राहते. तिचे वजन भिंतींनी पेललेले असते. तीच वस्तू खाली उतरवून, पुसून, कागदात गुंडाळून खोक्यात भरावयाची आणि टेम्पोत चढवावयाची म्हटले की ते वजन आपल्या खांद्यावर येते. एका खेपेत काम होईल असा अंदाज असतो. दुसरी खेप करावी लागते, आणि तरीही जुन्या घराच्या कोपऱ्यात चार गाठोडी उरतातच. मग घरातील प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न येतो : एवढे सगळे आपण जमवले कधी?

बदलीची नोकरी, अकरा महिन्यांचा भाडेकरार, जुन्या चाळीचा पुनर्विकास, मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडून तालुक्याच्या ठिकाणी येणे, अशा अनेक कारणांनी हा प्रश्न आज आपल्या समाजातील कुटुंबांपुढे वारंवार उभा राहतो. त्याला दोन सोपी उत्तरे दिली जातात. तृष्णा हे दुःखाचे मूळ आहे, म्हणून सगळे टाकून मोकळे व्हा, हे पहिले. कष्टाने मिळवलेले आहे, ते का टाकायचे, हे दुसरे. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. वस्तूंच्या अतिरेकाचा प्रश्न खुद्द भिक्खुसंघापुढे उभा राहिला होता, आणि तोही मुक्काम हलवतानाच. तथागतांनी तो कसा सोडवला हे पाहणे, आणि त्यातून गृहस्थांनी व विद्यार्थ्यांनी काय घ्यावे याचा विचार करणे, हा या पाठाचा हेतू आहे.

१. राजगृहाहून वैशालीकडे

आरंभीचे भिक्खू पांसुकूल, म्हणजे टाकून दिलेल्या चिंध्यांपासून शिवलेली चीवरे वापरीत. पुढे वैद्य जीवकाच्या विनंतीवरून उपासकांनी दिलेली वस्त्रे स्वीकारण्याची मुभा देण्यात आली. ही वार्ता कळताच राजगृहातील लोकांनी मोठ्या श्रद्धेने चीवरदान सुरू केले आणि संघात वस्त्रांची विपुलता झाली. विनयपिटकातील महावग्गात पुढचा प्रसंग येतो. तथागत राजगृहाहून वैशालीकडे चारिका करीत असता त्यांना वाटेत अनेक भिक्खू दिसले. कोणी डोक्यावर चीवरांचे गाठोडे घेतले होते, कोणी खांद्यावर, तर कोणी कमरेवर. घरदार सोडून निघालेली माणसे मुक्काम बदलताना ओझ्याखाली वाकली होती.

ही माणसे फार लवकर वस्त्रांच्या विपुलतेकडे वळली, असे तथागतांच्या मनात आले आणि याला मर्यादा घालणे आवश्यक आहे, असे त्यांनी ठरविले. परंतु ती मर्यादा त्यांनी रस्त्यातच मनाने ठरवून सांगून टाकली नाही. वैशालीला पोहोचल्यावर ते गोतमक चैत्यात राहिले. ऐन हिवाळ्याच्या, कडाक्याच्या थंडीच्या रात्री होत्या. तथागत एक चीवर पांघरून रात्री उघड्यावर बसले. प्रथम प्रहरी थंडी वाजली नाही. तो प्रहर संपता थंडी जाणवू लागली, तेव्हा त्यांनी दुसरे चीवर घेतले. मध्यम प्रहर संपता तिसरे घेतले, आणि पहाटे चौथे. चार पदर अंगावर आल्यावर थंडीची बाधा राहिली नाही. यावरून त्यांनी भिक्खूसाठी तीन चीवरांची अनुज्ञा दिली : दुपदरी संघाटी, एकपदरी उत्तरासंग आणि एकपदरी अंतरवासक. हिशेब केला तर पदर चारच होतात.

या प्रसंगातील तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, प्रमाण अनुभवाने ठरले. इतरांनी किती वापरावे हे सांगण्यापूर्वी शास्त्याने थंडीची एक संपूर्ण रात्र स्वतःच्या अंगावर घेतली. दुसरी, हे प्रमाण काटक माणसाला समोर ठेवून ठरलेले नाही. थंडी सहन न होणाऱ्या, थंडीला भिणाऱ्या कुलपुत्रांचाही निभाव लागला पाहिजे, हा विचार त्यामागे स्पष्टपणे नोंदलेला आहे. तिसरी, हे प्रमाण मोजता येते. थोडक्यात राहा, साधे राहा, असा मोघम उपदेश त्यात नाही. मोघम उपदेशाची पळवाट प्रत्येकाला सापडते. तीन या आकड्याला पळवाट नसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना करताना संघाच्या याच नियमाकडे लक्ष वेधले आहे. भिक्खूला खाजगी म्हणून बाळगता येणाऱ्या वस्तू आठच : तीन चीवरे, कंबरपट्टा, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे वस्त्र. यांनाच अष्टपरिष्कार म्हणतात. ही यादी शांतपणे वाचली तर तिच्यात शरीररक्षण आहे, अन्न आहे, स्वच्छता आहे, फाटलेले शिवण्याची सोय आहे आणि पाण्यातील सूक्ष्म जीवांविषयी करुणाही आहे. उणे काही नाही आणि अधिकही काही नाही.

२. प्रमाण, मुदत आणि विसर्जन

नियम झाला तरी जीवन नियमापेक्षा व्यापक असते. काही भिक्खू गावात जाताना चीवरांचा एक संच, विहारात दुसरा आणि स्नानाला जाताना तिसरा वापरू लागले, तेव्हा अतिरिक्त चीवर बाळगण्याला मनाई झाली. त्यानंतर भिक्खू आनंदाला एक अतिरिक्त चीवर मिळाले. ते त्याला सारिपुत्ताला द्यावयाचे होते; पण सारिपुत्त तेव्हा साकेत नगरीत होता आणि त्याला परतण्यास नऊ-दहा दिवस लागणार होते. तथागतांनी हे ऐकून घेतले आणि अतिरिक्त चीवर दहा दिवसांपर्यंत ठेवण्याची मुभा दिली. भिक्षापात्राबाबतही हीच दहा दिवसांची मुदत आहे.

येथे नियमाचा आशय उलगडतो. अतिरिक्त वस्तू हाती येणे हा दोष नव्हे. ती कोणासाठी तरी असू शकते. दोष आहे तो तिने मुदतीपलीकडे मुक्काम ठोकण्यात. जी वस्तू दुसऱ्याकडे जावयाच्या वाटेवर आहे तिला थोडा अवधी मिळतो. जिला वाटच नाही ती ओझे होते. आपल्या घरातील माळ्यावर ज्या वस्तू आहेत त्यांच्याविषयी हाच प्रश्न विचारावा : ही कोणाकडे जाणार आहे, आणि कधी?

मुदत उलटली तर काय? ते चीवर जाळावयाचे नसते, फेकावयाचेही नसते. भिक्खूने ते संघासमोर, गणासमोर किंवा एका भिक्खूसमोर विधिपूर्वक सोडावयाचे, झालेला दोष सांगावयाचा, आणि त्यानंतर ते त्याला परत दिले जाते. वस्तू बहुधा त्याच हातात परत येते, पण मधल्या वेळात तिच्यावरची पकड एकदा सुटलेली असते.

पात्रासंबंधीचा आणखी एक नियम आहे. ज्या पात्राला पाचपेक्षा कमी ठिकाणी सांधले आहे, ते टाकून नवे मागू नये. या नियमाचा उगम एका कुंभाराच्या गोष्टीत आहे. त्याने भिक्खूंना पात्रे देऊ केली आणि काहींनी प्रमाण न ओळखता इतकी मागितली की त्याला विकण्यासाठी दुसरे काही घडवता येईना. त्याच्या बायकामुलांची आबाळ होऊ लागली. एकाच्या घरातील अतिरेक कोणाच्या तरी श्रमावर आणि कोणाच्या तरी ताटावर पडलेला असतो, ही जाण अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या नियमात आहे. हा नियम मोडणाऱ्याचे पात्र संघ काढून घेई, ते ज्येष्ठतेच्या क्रमाने सर्वांपुढे फिरवले जाई, ज्याला हवे त्याने आपले पात्र त्याच्याशी बदलून घ्यावे, आणि शेवटी जे उरेल ते त्या भिक्खूला, फुटेपर्यंत वापरण्यासाठी मिळे.

३. लादलेले दारिद्र्य आणि स्वीकारलेली अल्पेच्छता

येथवर भिक्खूंचे झाले. परंतु हा पाठ आपल्या समाजापुढे मांडताना एका प्रश्नाला सामोरे जाणे आवश्यक आहे. ज्यांच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या काही बाळगूच दिले नाही, त्यांना वस्तू कमी करा असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे?

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राने सामर्थ्य असले तरी धनसंचय करू नये, असे विधान आहे. त्याच अध्यायात चांडाळादिकांसाठी मृतांची वस्त्रे, फुटक्या भांड्यांतील अन्न, लोखंडाचे दागिने, कुत्री आणि गाढवे एवढीच संपत्ती, आणि सतत भटकत राहणे, असा दंडक सांगितला आहे. वरवर पाहता चिंध्यांचे चीवर आणि मृताचे वस्त्र यांत फरक दिसत नाही. भिक्खूची चारिका आणि बहिष्कृताची भटकंतीही सारखीच वाटते. वस्तुतः दोहोंत आकाशपाताळाचे अंतर आहे. एकात माणसाने समजून उमजून घेतलेला निर्णय आहे, दुसऱ्यात त्याच्यावर लादलेला अपमान आहे. ज्या ग्रंथाने ही सक्ती धर्म म्हणून सांगितली तो २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे जाळण्यात आला, हे आपण जाणतोच.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या आयुष्यात घर बदलण्याचे जे प्रसंग आले, तेही या दृष्टीने पाहावेत. १९१७ मध्ये विलायतेहून परतताना त्यांचे ग्रंथ ज्या जहाजातून येत होते ते टॉर्पेडोने बुडाले. त्याच वर्षी बडोद्यात नोकरीवर रुजू झाल्यावर त्यांना राहण्यासाठी जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमातून त्यांना बाहेर काढण्यात आले, आणि मुंबईची गाडी येईपर्यंत त्यांनी सार्वजनिक बागेत बसून वेळ काढला. उच्च विद्याविभूषित माणसाजवळ सामान होते. ते ठेवण्यास छप्पर नव्हते. पुढे परळच्या चाळीतील लहानशा खोल्यांत संसार आणि अभ्यास करणाऱ्या या महामानवाने दादरला राजगृह बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. घराला नाव दिले ते मगधाच्या त्याच प्राचीन राजधानीचे, जेथून तथागत वैशालीकडे निघाले होते.

बाबासाहेबांचे हजारो ग्रंथ हा परिग्रह होता काय? आम्ही या प्रश्नाचे उत्तर ठामपणे नकारार्थी देतो, कारण ते ग्रंथ वापरात होते. त्यांतून संविधान सभेतील युक्तिवाद निघाले, त्यांतून 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ उभा राहिला, आणि त्यांच्या संग्रहातील अनेक ग्रंथ पुढे सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांच्या हाती गेले. संख्या मोठी असूनही त्या संग्रहाला प्रयोजन होते आणि पुढची वाटही होती. उलट, एकच पुस्तक केवळ दिसावे म्हणून काचेच्या कपाटात कुलूपबंद असेल तर ते एकटेही अतिरिक्तच आहे.

तथागतांनी गृहस्थाला दारिद्र्याचा उपदेश केलेला नाही. अंगुत्तर निकायात दारिद्र्य हे गृहस्थासाठी दुःख आहे आणि ते कर्जाच्या फेऱ्यात लोटते, असे सांगितले आहे. अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली : न्याय्य मार्गाने मिळवलेली संपत्ती असण्याचे सुख, तिचा उपभोग घेण्याचे व तिच्याद्वारे पुण्यकर्म करण्याचे सुख, ऋणमुक्त असण्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. सिगालाला दिलेल्या उपदेशात उत्पन्नाचे चार भाग करून एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि एक आपत्काळासाठी ठेवण्यास सांगितले आहे. बाबासाहेबांनीही १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात, धर्माने दारिद्र्याला पावित्र्य बहाल करू नये, ही खऱ्या धर्माची एक कसोटी म्हणून सांगितली. तेव्हा अल्पेच्छता ही ज्याच्याजवळ निवड करण्याइतके आहे त्याची साधना आहे. उपाशी माणसाला ती शिकवणे ही क्रूरता होय.

४. माळ्यावर काय असते

आता सामान्य गृहस्थाच्या घराकडे वळू. सामान बांधावयास बसले म्हणजे ज्या वस्तू बाहेर पडतात त्यांची आम्ही चार कारणांनी विभागणी करतो.

पहिले कारण गरज. रोजच्या स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कपडे, औषधे, कागदपत्रे, मुलांची पुस्तके. यांच्याविषयी वाद नाही. या वस्तू बांधताना एक गोष्ट ध्यानात येते, ती ही की त्या आश्चर्य वाटावे इतक्या थोड्या असतात. नव्या घरी पहिल्या रात्री जी दोन खोकी उघडावी लागतात त्यांतच त्या बहुतेक सगळ्या मावलेल्या असतात.

दुसरे कारण भय. प्लास्टिकचे रिकामे डबे, तुटकी खुर्ची, जुन्या वायरी, दोऱ्या, पिशव्यांत कोंबलेल्या पिशव्या. कधीतरी कामाला येईल, म्हणून ठेवलेले सगळे. घरातील तरुण मंडळी आजीच्या या सवयीला हसतात. त्यांनी हसू नये. ज्या बाईने दुष्काळात पत्र्याचा एक डबा तीन घरांत फिरवून पाणी भरले, तिच्या हातून डबा टाकला जात नाही. तिच्या संचयाला लोभ म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु भय ज्या परिस्थितीतून जन्मले ती परिस्थिती बदलल्यावरही ते वस्तूंच्या रूपाने घरात राहते, आणि पुढची पिढी ते कारण विसरून केवळ सवय उचलते. आजीचा मान राखून, तिला विचारून, तिच्या हातानेच ती वस्तू पुढे देणे, हा यावरील मार्ग होय.

तिसरे कारण स्मृती. लग्नात आहेर म्हणून आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव घातलेले असते. मामा, आत्या, चाळीतील शेजारी, कारखान्यातील सहकारी; स्टीलचा एकेक तांब्या म्हणजे एकेक नाते. ही भांडी वर्षानुवर्षे पोत्यात बांधलेली असतात, कारण वापरली तर झिजतील आणि दिली तर नाते दुखावेल. येथे विचार असा करावा की पोत्यातील तांब्या नाते जपतो, की पाहुण्याच्या हाती पाणी देणारा तांब्या? स्मृतीसाठी एखादी वस्तू पुरते. ती वापरात ठेवावी.

चौथे कारण प्रतिष्ठा. सन्मानचिन्हे, शाली, काचेचे संच, दिवाणखान्यात दिसावे म्हणून घेतलेले आणि हप्ते फिटण्यापूर्वीच जुने झालेले सामान. ऋणमुक्ततेच्या सुखाला सर्वाधिक बाधा याच वर्गातील वस्तूंची होते. याच संदर्भात एक नाजूक गोष्ट नमूद करणे भाग आहे. गृहप्रवेश, वाढदिवस, सेवानिवृत्ती अशा प्रत्येक प्रसंगी आपल्याकडे बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या तसबिरी भेट देण्याची प्रथा आहे. भावना उत्तम आहे. परंतु घरात वंदनेची जागा एकच असते; उरलेल्या मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जातात. ज्या शास्त्याने चीवरांची संख्या ठरवून दिली, त्याचीच मूर्ती अतिरिक्त सामानात पडून राहावी, हे योग्य नव्हे. अशा मूर्ती व तसबिरी नव्याने सुरू झालेल्या विहारांना, अभ्यासिकांना किंवा ज्या घरी अजून एकही नाही त्या घरी आदराने पोहोचवाव्यात, आणि भेट देताना वही, पेन, पुस्तक यांचा विचार आधी करावा.

५. पाचशे चीवरांचे पुढे काय होते

अतिरिक्त वस्तूंचे करावयाचे काय, याचे सर्वांत सुंदर उत्तर चुल्लवग्गातील एका संवादात आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदाचा उपदेश ऐकून त्याला पाचशे चीवरे दान केली. राजाला हे कळले तेव्हा त्याला संशय आला की हा श्रमण एवढ्या वस्त्रांचा व्यापार करणार की काय. त्याने येऊन विचारणा केली. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांच्यात वाटून देईन, असे आनंदाने सांगितले. मग जीर्ण चीवरांचे काय करणार? त्यांची आच्छादने करू. जुन्या आच्छादनांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरणे. त्यांचे? पायपुसणी. त्यांचे? धूळ झटकण्याची फडकी. आणि त्या फडक्यांचे? ती फाडून, मातीत कालवून त्यांनी जमीन सारवू. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे चीवरे दिली.

हा क्रम वाचताना आपल्याला आपल्या घरातील स्त्रियांची आठवण व्हावी. जुन्या लुगड्यांची गोधडी, गोधडी विरली की तिचे बसकर, बसकराचे पायपुसणे आणि पायपुसण्याचे पोतेरे, हा क्रम शिकवण्यासाठी त्यांना चुल्लवग्ग वाचावा लागला नव्हता. आनंदाच्या उत्तरात आणि त्यांच्या हातात एकच दृष्टी आहे : वस्तू तिचा अखेरचा उपयोग होईपर्यंत कोणाच्या तरी कामी येत राहिली पाहिजे. आजच्या घरात हा क्रम तुटला आहे. कपडा फाटण्यापूर्वीच कपाटात मागे पडतो आणि तेथेच वर्षे काढतो. आनंदापाशी पाचशे चीवरे आली तरी तो परिग्रही ठरला नाही, आणि आपण मात्र पन्नास कपड्यांत अडकतो, याचे कारण संख्येत शोधून सापडणार नाही. आनंदापाशी प्रत्येक चीवराला पुढची पायरी ठरलेली होती.

६. देणे आणि टाकणे

घर बदलताना सामान निवडले गेले की ते देऊन टाकू, असे म्हटले जाते. आपल्या भाषेने देणे आणि टाकणे ही दोन क्रियापदे एकत्र जोडली आहेत. व्यवहारात ती वेगळी ठेवणे हे आपले काम आहे.

वसतिगृहे आणि आश्रमशाळा यांच्या दाराशी जी गाठोडी येतात, त्यांत कधी स्वच्छ धुऊन घडी केलेले कपडे, बटणे नव्याने लावलेले सदरे आणि चांगल्या स्थितीतील शब्दकोश असतात. कधी मात्र चेन तुटलेली दप्तरे, एकाच पायाचे बूट, बदललेल्या अभ्यासक्रमाची मार्गदर्शके आणि डागाळलेले कपडे असतात. दुसऱ्या प्रकारच्या गाठोड्यातून देणाऱ्याचे घर रिकामे होते आणि घेणाऱ्याच्या दारी कचरा जमतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की ते उघडताना एखादा मुलगा आपल्याला काय समजले गेले आहे हे मुकाट्याने शिकतो.

आपल्या समाजाला हे शिकवण्याची गरज पडू नये. शिळे अन्न आणि उतरलेली वस्त्रे हक्क म्हणून नव्हे, तर हीनत्वाची खूण म्हणून ज्यांच्या ओच्यात टाकली गेली, त्यांचे आपण वंशज आहोत. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ राहण्याचा आणि अस्पृश्यतेची ओळख सांगणारा पेहराव व दागिने सोडण्याचा उपदेश केला, तेव्हा वस्त्राचा संबंध केवळ थंडीशी नसून आत्मसन्मानाशीही आहे, हेच ते सांगत होते. जे आपल्या वाट्याला आले ते आपल्या हातून दुसऱ्याच्या वाट्याला जाऊ नये.

तथागतांनी सत्पुरुषाच्या दानाची लक्षणे सांगितली आहेत. तो स्वच्छ देतो, चांगले देतो, योग्य वेळी देतो, घेणाऱ्याला उचित असे देतो, विचारपूर्वक देतो. देताना त्याचे चित्त प्रसन्न असते आणि दिल्यावरही आनंदी राहते. ही लक्षणे जुन्या वस्तूंना लावली तर एक व्यवहार्य कसोटी मिळते : ही वस्तू आपण आपल्या सख्ख्या भावाच्या मुलाला देऊ काय? उत्तर होकारार्थी असेल तर धुऊन, दुरुस्त करून, कोणाला उपयोगी पडेल हे विचारून ती स्वतः पोहोचवावी. उत्तर नकारार्थी असेल तर ती भंगारवाल्याकडे किंवा रद्दीत जाऊ द्यावी. त्याला दान म्हणू नये.

७. विद्यार्थ्याची पेटी

आमच्या विद्यार्थ्यांसाठी हा विषय दूरचा नाही. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी दर उन्हाळी सुटीला एक छोटे घर बदलतच असतो. येताना एका पेटीत मावलेले सामान जाताना पेटीत मावत नाही, हा अनुभव प्रत्येकाचा आहे.

चुल्लवग्गात विहार सोडून जाणाऱ्या भिक्खूची कर्तव्ये सांगितली आहेत. त्याने लाकडी व मातीची भांडी नीट आवरून ठेवावीत, दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, आणि निवासस्थान कोणाच्या तरी स्वाधीन करून मगच निघावे. सोपवण्यास कोणी नसेल तर मंचक चार दगडांवर उचलून ठेवावा आणि बाकीचे सामान त्यावर रचावे, इतका बारकावा तेथे आहे. मंचक त्याचा नव्हता, संघाचा होता. तो पुढे येणाऱ्यासाठी सुस्थितीत राहिला पाहिजे, एवढाच हेतू. खोली सोडताना आपल्या मागे काय उरते, हा प्रश्न बरोबर काय न्यायचे या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडतील अशी पुस्तके ग्रंथालयात द्यावीत, गादी उन्हात घालून गुंडाळून ठेवावी, खोली झाडून किल्ली हाती सोपवावी. वसतिगृह सोडण्याची ही रीत ज्याला साधली त्याला पुढे कोणतेही घर सोडणे जड जाणार नाही.

अभ्यास

घर किंवा खोली बदलण्यापूर्वी पुढील गोष्टी कुटुंबाने अथवा विद्यार्थ्यांनी एकत्र बसून कराव्यात.

पहिली : एकाच प्रकारच्या वस्तू घ्याव्यात, उदाहरणार्थ चादरी किंवा डबे, आणि त्या प्रत्यक्ष मोजाव्यात. मोजण्यापूर्वी अंदाज लिहून ठेवावा आणि दोन आकड्यांची तुलना करावी.

दुसरी : घरातील सर्वांत नाजूक व्यक्तीला, म्हणजे लहान मूल, आजारी माणूस किंवा वृद्ध यांना समोर ठेवून त्या वस्तूचे प्रमाण ठरवावे. पाहुण्यांसाठी किती लागते याचाही विचार करावा. आतिथ्य टाकून मिळवलेली अल्पेच्छता आम्हास अभिप्रेत नाही.

तिसरी : प्रमाणाबाहेर जे उरेल त्याला दहा दिवसांची मुदत द्यावी. या दहा दिवसांत ते कोणाकडे जाणार हे ठरवून पोहोचवावे.

चौथी : माळ्यावरील प्रत्येक वस्तूसमोर गरज, भय, स्मृती किंवा प्रतिष्ठा यांपैकी एक शब्द लिहावा. शब्द लिहिताना एकमेकांना दोष देऊ नये.

पाचवी : नव्या घरी गेल्यावर तीन महिन्यांनी न उघडलेली खोकी किती उरली ते पाहावे आणि पहिल्या गोष्टीपासून पुन्हा सुरुवात करावी.

समारोप

नदी ओलांडण्यासाठी तराफा बांधणाऱ्या माणसाचा दृष्टान्त मज्झिम निकायात आहे. पैलतीरी पोहोचल्यावर, याने आपल्यावर उपकार केले म्हणून तो तराफा डोक्यावर घेऊन चालू लागला तर ते शहाणपणाचे होणार नाही. हा दृष्टान्त तथागतांनी धम्माविषयी दिला आहे. मग सामानाविषयी तो किती अधिक लागू पडावा! तराफ्याचा अनादर करावयाचा नाही. तो पाण्यात सोडावा किंवा किनाऱ्यावर ओढून ठेवावा. किनाऱ्यावर ठेवलेला तराफा मागून येणाऱ्याच्या कामी येऊ शकतो.

आपल्या मागच्या पिढ्यांनी फार खोल पाणी ओलांडले आहे. त्या प्रवासात त्यांनी जे जे घट्ट धरून ठेवले, त्याबद्दल आपण कृतज्ञ असावे. आज ज्यांच्या घरी दुसरी खेप भरेल इतके सामान आहे, त्यांनी त्या सुबत्तेची लाज बाळगण्याचे कारण नाही आणि तिचा गर्व करण्याचेही नाही. ज्याच्या पेटीत अजून एकच सदरा आहे, असा विद्यार्थी याही वर्षी जून महिन्यात आपल्या वसतिगृहात दाखल होईल. टेम्पो भरण्यापूर्वी त्याची आठवण ठेवावी, आणि त्याच्यासाठी जे बाजूला काढाल ते इस्त्री करून द्यावे.